घर पाहावे मांडून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा माणूस बहुधा एकच असे. पाया खणण्यापासून कौले चढविण्यापर्यंतची प्रत्येक कटकट त्याच्या वाट्याला येई. पण खिडकी कोठे असावी, चूल कोणत्या कोपऱ्यात मांडावी, ओटीवर किती माणसे बसू शकावीत, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच असे. शहरातील नोकरदार माणसाची ती कटकट आता संपली आहे आणि तो अधिकारही संपला आहे. घर बांधतो तो बिल्डर. नोकरदाराच्या हाती पडते ती किल्ली, वीस वर्षांचे कर्ज आणि चार भिंतींतील मोजके चौरस फूट. त्या चौरस फुटांची मांडणी कशी करावयाची, एवढाच निर्णय त्याच्याकडे उरलेला असतो. आणि नेमका तोच निर्णय मध्यमवर्गीय कुटुंबांत सर्वांत कमी विचाराने घेतला जातो, असे खेदाने म्हणावे लागते.

घराची सजावट हा रविवारच्या पुरवणीचा विषय आहे, त्यात अर्थशास्त्राला काय काम, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज बरोबर नाही. बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी घराची असते. त्या खरेदीचा उपयोग किती होतो आणि किती वाया जातो, हा प्रश्न आवडीनिवडीचा कमी आणि काटकसरीचा अधिक आहे. घरोघरी दिसणाऱ्या मांडणीतील चुका वरवर पाहता निरनिराळ्या वाटतात. कोठे सोफा अवाढव्य असतो, कोठे खिडकीवर कपाट येते, कोठे ओटा उंच होतो, तर कोठे न्हाणीघराची फरशी निसरडी असते. तथापि या चुकांचे मूळ शोधू गेल्यास ते बहुतेक ठिकाणी एकच सापडते. घर त्यात राहणाऱ्यांसाठी मांडले जात नाही. ते पाहावयास येणाऱ्यांसाठी मांडले जाते.

चौरस फुटाचा हिशेब

घर विकत घेताना हाच नोकरदार किती काटेकोर असतो! स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्याने चटई क्षेत्र या शब्दाला निश्चित अर्थ दिला. बाहेरील भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची वगळून, परंतु आतील भिंती धरून, प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी जागा म्हणजे चटई क्षेत्र, हे आता कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना ठाऊक झाले आहे. करारपत्रावर सही करण्यापूर्वी एकेका फुटासाठी घासाघीस होते. मात्र किल्ली हातात आली की हा हिशेब जो थांबतो तो कायमचाच.

एक साधे उदाहरण घ्यावे. बैठकीची खोली दहा फूट बाय चौदा फूट, म्हणजे १४० चौरस फुटांची आहे, असे समजू. तिच्यात तिघांच्या सोफ्याला २१, दोन एकेरी खुर्च्यांना १८ आणि मधल्या टीपॉयला ८ असे एकूण ४७ चौरस फूट जातात. म्हणजे खोलीचा तिसरा हिस्सा. त्याभोवती वावरण्यासाठी लागणारी जागा यात धरलेली नाही. जागेचा दर चौरस फुटाला ८,००० रुपये असेल, तर सोफासेटच्या खालच्या जमिनीची किंमत ३,७६,००० रुपये होते. त्या रकमेवर दर साल दर शेकडा ८ या दराने व्याज धरले, तर ते महिन्याला सुमारे अडीच हजार रुपये पडते. महिन्यातून चार वेळा पाहुणे आले, तर त्यांच्या प्रत्येक बैठकीला यजमान सव्वासहाशे रुपयांचे जागाभाडे मोजतो. सोफ्याची किंमत निराळी, चहापोहे निराळे!

सोफ्यावर घरातील माणसेही बसतातच की, असे कोणी म्हणेल. काही घरी बसतात, हे खरे. पण कितीतरी घरांतील दृश्य याहून वेगळे असते. सोफ्यावर जुनी चादर अंथरलेली असते, ती दाराची घंटा वाजली की लगबगीने काढली जाते. आणि एरवी घरची मंडळी सोफ्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसलेली असतात. मुलगा त्याच जमिनीवर पोटावर पडून गृहपाठ लिहितो. आजोबांची गादी रात्री त्याच दोन फुटांच्या वाटेत घातली जाते.

अर्थशास्त्रात एक साधी संकल्पना आहे. कोणत्याही गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी दिलेल्या पैशांत नसते. तिच्यापायी जे सोडून द्यावे लागले, त्यात असते. तिला पर्यायी खर्च म्हणतात. सोफासेटचा पर्यायी खर्च म्हणजे मुलाचे अभ्यासाचे टेबल आणि आजोबांची खाट. दुकानाच्या पावतीवर तो कधीच लिहिलेला नसतो.

दर्शनी भागाचा मोह

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रदर्शनासाठी केल्या जाणाऱ्या उपभोगाची चिकित्सा केली. वस्तू उपयोगासाठी घेतली जात नाही, तर ती परवडते हे इतरांना दिसावे म्हणून घेतली जाते, हे त्याने दाखवून दिले. त्याच्यासमोर होता तो त्या काळचा धनिक वर्ग. त्या वर्गाला हा खेळ परवडत असे, कारण त्याच्या प्रासादांत दिवाणखान्याखेरीज आणखी वीस खोल्या होत्या. पाचशे चौरस फुटांच्या घरात तोच खेळ मांडला म्हणजे त्याची किंमत घरातील दुर्बळ माणसांना मोजावी लागते.

आपल्याकडील जुन्या घरांतही पाहुण्यांची जागा होती. किंबहुना वाड्यात ती अगदी पुढेच असे. परंतु ओटी किंवा ओसरी ही केवळ पाहुण्यांची नव्हती. सकाळी तेथे धान्य निवडले जाई, दुपारी हिशेबाच्या वह्या उघडल्या जात, संध्याकाळी मुले पाढे म्हणत आणि रात्री वाटसरू पथारी टाकी. हे शक्य होई, कारण तेथे जड सामान नसे. पाट भिंतीला टेकवून ठेवता येई, सतरंजी गुंडाळता येई, वळकटी कोपऱ्यात उभी करता येई. नित्याच्या वस्तूंना भिंतीतच कोनाडे व फडताळे असत. जमीन मोकळी राही आणि मोकळी जमीन हवे ते रूप घेई.

मुंबईच्या चाळींनी हेच कौशल्य फार कठोर परिस्थितीत जपले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तेवढ्या खोलीत सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिवणाचे दुकान, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री शयनगृह असे चार संसार एकामागून एक मांडले जात. त्या दाटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सार्वजनिक संडासापुढील रांग, क्षयाची भीती आणि एकांताचा अभाव ज्यांनी सोसला, त्यांना ती दाटी नको होती आणि ते रास्तच आहे. पुनर्विकासात या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळण्याची योजना झाली, हा न्यायच म्हटला पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की जागा तिप्पट झाल्यावर मोकळेपणाही तिप्पट होतो काय? वाढलेली जागा अवजड, जागचे न हलणारे सामानच गिळून टाकणार असेल, तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येईल.

प्रकाश आणि वारा

दुसरी चूक खिडक्यांच्या बाबतीत होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने उष्ण व दमट प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतक्या क्षेत्रफळाच्या खिडक्या व झरोके असावेत, असे मान ठरविले आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फुटांची खिडकी असा याचा अर्थ. नकाशा मंजूर होताना ही खिडकी असते. घर लागते तेव्हा तिच्या अर्ध्या भागापुढे कपाट येते, उरलेल्या अर्ध्यावर जाड मखमली पडदे येतात, आणि मग भर दुपारी दिवा लावून बसण्याची पाळी येते. जो सूर्यप्रकाश विकत घेतलेला आहे तो अडवून त्याच्या जागी विजेचा प्रकाश पुन्हा विकत घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

छताची कथाही अशीच आहे. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असावी, असे संहिता सांगते. बहुमजली इमारतींत उंची या किमान मर्यादेच्या आसपासच ठेवलेली असते. त्याखाली प्लास्टरचे खोटे छत बसविले की अर्धा फूट तेथेच जातो. पंखा फार खाली येऊ नये म्हणून त्याची दांडी आखूड करावी लागते. पाती छताच्या अगदी जवळ आली की त्यांना वरून हवा ओढण्यास जागा राहत नाही, आणि पंखा फिरतो पण वारा लागत नाही. मग वातानुकूलन यंत्र घ्यावे लागते. छतात दडविलेल्या दिव्यांची वीज, यंत्राची वीज आणि त्या दोहोंचे देखभालखर्च हे सर्व एका शोभेच्या पोटी जन्माला येतात. मोठ्या हॉटेलांत किंवा कचेऱ्यांत खोट्या छताला काम असते. तेथे वर तारा, नळ आणि हवेच्या नळकांड्या लपवावयाच्या असतात. घरात लपविण्याजोगे काहीच नसताना हे छत कशासाठी?

सज्जा बंद करून खोलीत घेणे ही तर शहरी मध्यमवर्गाची जणू रीतच झाली आहे. पावसाळ्यात कपडे वाळविण्यास, म्हाताऱ्या माणसास सकाळच्या उन्हात बसण्यास, कुंडीत तुळस लावण्यास असलेली ही एकमेव जागा. ती काचेने बंद केली की मागच्या खोलीचा वारा अडतो आणि ओले कपडे बैठकीच्या खोलीत दोरीवर चढतात. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या उत्तुंग इमारतीत खोल, दुमजली सज्जे मुद्दाम योजले आहेत. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांप्रमाणे ऊन आणि पाऊस यांपासून आतल्या खोल्यांना आडोसा मिळावा, हा त्यामागील विचार. ती इमारत श्रीमंतांची आहे. श्रीमंत माणूस ज्या मोकळ्या जागेसाठी पैसे मोजतो, तीच जागा मध्यमवर्गीय माणूस पैसे मोजून बंद करतो, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे.

स्वयंपाकघर कोणासाठी?

घरातील सर्वांत अधिक श्रम जेथे होतात त्या खोलीचा विचार सर्वांत शेवटी होतो. २०१९ साली झालेल्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या कामात घालवितात. पुरुषांतील जे घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटांची आहे. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास रोज या कामात जातात. असे असूनही सुताराला मापे देताना तिची उंची कोणी मोजत नाही.

उभ्याने काम करताना ओटा कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा, हा सर्वसाधारण नियम आहे. पाच फूट उंचीच्या स्त्रीला या हिशेबाने ८० ते ८५ सेंटिमीटरचा ओटा सोयीचा पडतो. परदेशी मापांवरून उतरविलेल्या तयार 'मॉड्युलर' आराखड्यांत तो ९० सेंटिमीटरचा असतो. पाच-सात सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण कणीक मळताना खांदे उचलून धरावे लागतात, मोठ्या पातेल्यात डोकावण्यासाठी टाचा उंच कराव्या लागतात, आणि ही कसरत दिवसातून दोनदा, वर्षातून सातशेहून अधिक वेळा होते. त्याचे मोल पुढे औषधांच्या दुकानात द्यावे लागते.

स्वयंपाकघर हे शोभेचे दालन नसून कामाची जागा आहे, हे तत्त्व जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीने १९२६ साली फ्रँकफर्टच्या कामगार-वसाहतींसाठी अवघे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. स्त्रीची पावले कोठे व किती पडतात याची निरीक्षणे तिने आधारास घेतली होती. सलग ओटा, हाताशी येणारे डबे, वर-खाली होणारी इस्त्रीची फळी, सरकवता येणारा दिवा आणि बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूल हे सर्व त्या चिमुकल्या जागेत होते. सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले. त्या आराखड्यातही दोष होता. तेथे एकाच माणसाला काम करता येई, त्यामुळे मदतीला येऊ पाहणाऱ्यालाही बाहेरच राहावे लागे. परंतु राबणाऱ्या माणसापासून आखणीस प्रारंभ करावयाचा, हा त्यातील धडा आजही शिळा झालेला नाही.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. ओटा आला आणि विळी, पाट, चूल यांच्याबरोबर बसून काम करण्याची सवलतही गेली. पण स्टुलाला मात्र कोणी जागा ठेवली नाही. चित्रांत पाहिलेले भिंतीविना स्वयंपाकघर आता आपल्याकडेही होऊ लागले आहे. ज्या घरी रोज मोहरीची फोडणी बसते, मिरच्या तळल्या जातात आणि सुकट भाजले जाते, तेथे भिंत पाडली म्हणजे ती सर्व धुरी आणि तेलकटपणा बैठकीच्या खोलीत, पडद्यांवर आणि पुस्तकांवर जाऊन बसतो. ज्या देशांतून ही कल्पना आली, तेथील रोजचा स्वयंपाक निराळा आहे, याचे भान राहत नाही.

विद्यार्थी आणि वृद्ध

घरात आणखी दोन माणसे अशी असतात की ज्यांचे मत मांडणीच्या वेळी विचारले जात नाही. पहिला विद्यार्थी. दहावीच्या वर्षी शिकवणीसाठी हजारो रुपये भरणाऱ्या कितीतरी घरांत मुलाला वही ठेवण्यापुरती स्वतःची जागा नसते. दूरचित्रवाणीच्या संचासाठी मात्र एक संपूर्ण भिंत राखलेली असते. तिच्यावर लाकडी चौकट, काचेची शोकेस, तीत कधी न वापरलेले चहाचे कप आणि प्रवासातून आणलेल्या बाहुल्या. दिवा बहुधा खोलीच्या मध्यावर नाही तर मागच्या भिंतीवर असतो. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या मुलाची स्वतःचीच सावली त्याच्या वहीवर पडते. डाव्या बाजूने उजेड देणारा एक साधा टेबलदिवा आणि दोन फूट बाय तीन फुटांची घडीची फळी, एवढ्याने हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. सहा चौरस फूट! सोफासेटला दिलेल्या जागेचा तो सुमारे आठवा हिस्सा. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाबद्दल शिक्षक पालकांना अनेक प्रश्न विचारतात. 'तो घरी कोठे बसून अभ्यास करतो?' हा प्रश्न त्यांत अग्रभागी असावयास हवा.

दुसरा वृद्ध. न्हाणीघरात आरशासारखी चकचकीत फरशी बसविली की ती पाहणाऱ्यास सुंदर दिसते आणि ओल्या पायांनी चालणाऱ्यास घातक ठरते. संडासाजवळ धरण्यासाठी एक पोलादी दांडी बसविण्यास फार खर्च येत नाही. पण ती 'दवाखान्यासारखी दिसते' म्हणून नाकारली जाते. सत्तरीतील माणसाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण आणि पुष्कळदा त्यानंतर कायमचे परावलंबन असा क्रम लागतो. खरखरीत फरशी, एक दांडी आणि रात्री अंथरुणावरून हाताला लागेल असे दिव्याचे बटण, हा विमा सर्वांत स्वस्त म्हटला पाहिजे.

भिंतीला खिळलेले सामान

साहित्याच्या निवडीतही दिखाऊपणाच वरचढ ठरतो. वरचा सनमायका कोणत्या रंगाचा असावा यावर कुटुंबात आठवडाभर चर्चा होते. खालचे लाकूड कोणते, हे कोणी विचारीत नाही. भारतीय मानकांत सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या सागरी दर्जाच्या प्लायवुडसाठी ७१० असे क्रमांक आहेत. फळीवरील शिक्का वाचण्यास अर्धा मिनिट पुरतो. भुश्याच्या दाबीव फळ्या कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात, विशेषतः मोरीच्या आणि ओट्याच्या खाली, ओल धरून फुगतात, आणि कर्जाचे हप्ते संपण्यापूर्वी कपाटाची दारे गळून पडतात. या फळ्या चिकटविण्यास पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या राळेतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवास कर्करोगकारक ठरणाऱ्या द्रव्यांत केली. नव्या फर्निचरच्या वासाला नवेपणाचे लक्षण मानून खिडक्या बंद ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

शिवाय भिंतीत ठोकून बसविलेले सामान हे एक प्रकारचे बंधनच असते. बँकेतील कारकुनाची बदली होते, मुलगी मोठी होऊन तिला स्वतंत्र कोपरा हवा असतो, आई गावाहून कायमची राहावयास येते. कुटुंबाची गरज दर पाच-सात वर्षांनी पालटते. सुटे कपाट हलविता येते, विकता येते, गावी पाठविता येते. भिंतीला खिळलेले कपाट फोडावेच लागते, आणि त्याची किंमत त्या क्षणी शून्य होते. ज्या वस्तूला दुसरा उपयोग नाही आणि दुसरा गिऱ्हाईक नाही, तिच्यात कर्जाचा पैसा गुंतविण्यापूर्वी शंभर वेळा विचार केला पाहिजे.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की मुळात घरेच वेडीवाकडी बांधली जातात. दारे अशा ठिकाणी असतात की एकही सलग भिंत कपाटाला मिळत नाही, मग राहणाऱ्याला दोष का द्यावा? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. आराखडा करताना खाट, कपाट आणि टेबल यांची मापे नकाशावर दाखविण्याची सक्ती बिल्डरवर असावयास हवी, आणि तशी मागणी ग्राहकांच्या संघटनांनी करावी. पण जागा मुळातच अडचणीची असेल, तर तिची उधळपट्टी न करण्याची जबाबदारी वाढते. कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. पाहुण्याचे स्वागत ही आपली संस्कृती आहे आणि सौंदर्याची ओढ गरिबालाही असते. ती हिशेबाच्या तराजूत घालणे हा रूक्षपणा नव्हे काय? सौंदर्याची ओढ असावीच. मातीच्या घरापुढेही रांगोळी काढली जाते आणि सारवलेल्या भिंतीवर चित्रे उमटतात. मात्र ती रांगोळी कोणाची वाट अडवीत नाही. इंग्लंडमध्ये जन्मून केरळात आयुष्य घालविलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांची घरे पाहावयास लोक दुरून जात. आणि त्या घरांत उघड्या विटा, जाळीच्या भिंती व भिंतीतच बांधलेली बसण्याची जागा यांपलीकडे सजावट म्हणावी असे थोडेच असे. प्रत्येक गोष्ट खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न विचारून ते काम करीत. त्यांच्या घरांचे सौंदर्य त्या प्रश्नातूनच आलेले होते. आणि पाहुण्याचे म्हणाल, तर तो सोफ्यासाठी येत नाही, माणसांसाठी येतो. सतरंजीवर बसवून आग्रहाने वाढलेले जेवण विसरले गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

नवे घर घेणाऱ्यांनी काही साधी पथ्ये पाळली तर पुष्कळ नुकसान टळेल. किल्ली मिळताच सुताराला बोलावू नये. जुन्याच सामानानिशी महिना-दोन महिने, शक्य तर एक पावसाळा, त्या घरात राहून पाहावे. ऊन कोठून येते, ओल कोणत्या भिंतीला धरते, वारा कोणत्या दारातून वाहतो, हे घर आपण होऊन सांगते. कोणतीही मोठी वस्तू घेण्यापूर्वी तिचे माप खडूने जमिनीवर आखावे आणि दोन दिवस त्या रेषेच्या बाहेरून चालून पाहावे. प्रत्येक वस्तूपुढे ती दिवसातून किती तास आणि कोणाच्या उपयोगी पडणार, हे कागदावर लिहावे. आणि हा कागद लिहिताना कुटुंबप्रमुखाने लेखणी सर्वांत शेवटी हाती घ्यावी. पहिली ओळ ओट्यापाशी पाच तास उभी राहणाऱ्या गृहिणीची असावी, दुसरी अभ्यास करणाऱ्या मुलाची, तिसरी वृद्धांची. पाहुण्यांचा क्रमांक त्यानंतर लावावा. एवढ्याने उरलेल्या जागेत सोफा बसत असेल तर तो अवश्य घ्यावा. बसत नसेल, तर सतरंजी आहेच.